दुसऱ्या नळकांड्याचे अर्थशास्त्र

सावित्रीच्या खोऱ्यात आवाज दडत नाही. महाड मागे पडले की डोंगर जवळ येऊ लागतात आणि पोलादपुराशी रस्ता त्यांच्या कुशीतच शिरतो. तेथून एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे चढते, दुसरी कशेडी ओलांडून खेडकडे जाते. महाडहून निघणारी तिसरी वरंध घाटाने भोरला पोचते. सुटीच्या दिवशी या वाटांवर मुंबई-पुण्याकडील वाहनांची रीघ लागते. त्यांतील काहींचे आगमन डोळ्यांआधी कानांना कळते. कारखान्याने बसविलेला सायलेन्सर काढून त्या जागी खास घडवून घेतलेली दुहेरी एक्झॉस्ट नळी लावलेली मोटार वळणापलीकडे असतानाच तिची गर्जना दरीत घुमू लागते. ही हौस केवळ पाहुण्यांची राहिलेली नाही. तालुक्याच्या गावांतील तरुणांनाही तिचे आकर्षण वाटू लागले आहे.

हा सारा पोरकटपणा आहे, पोलिसांनी त्याचा बंदोबस्त करावा, असे म्हणून प्रश्न हातावेगळा करणे सोपे आहे. परंतु त्याच्या मुळाशी जो पेच आहे तो अर्थशास्त्राचा आहे. एकाने विकत घेतलेल्या आनंदाची किंमत दुसऱ्याने का मोजावी, हा तो पेच होय.

नळ्या दोन, वाट एकच

प्रथम या वस्तूचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. इंजिनातील जळलेला वायू संथ प्रवाहाने बाहेर पडत नाही. प्रत्येक सिलिंडरमधून तो धक्क्याधक्क्याने सुटतो. मॅनिफोल्ड त्याला एकत्र करतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यातील विषारी घटकांचे रूपांतर करतो आणि मागचा सायलेन्सर त्या धक्क्यांचा आवाज शोषून घेतो. ज्या मोठ्या मोटारींच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे मांडलेल्या असतात, तेथे प्रत्येक रांगेला स्वतंत्र नळी देण्यास शास्त्रीय आधार आहे. दोन्ही नळ्या मध्ये एका आडव्या नळीने जोडल्या, की वायूचा दाब समतोल राहतो आणि इंजिनाचा श्वास थोडा मोकळा होतो.

आपल्याकडील बहुसंख्य मोटारींची गोष्ट निराळी आहे. 4 मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोलचे 1200 सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या मोटारींना 2006 पासून करात सवलत मिळत आली. त्या सवलतीभोवतीच या देशातील मोटारींची बाजारपेठ वाढली. साहजिकच रस्त्यावरील बहुतेक इंजिने तीन किंवा चार सिलिंडरची आणि ते सारे एकाच रांगेत असलेली अशी आहेत. त्यांचा सर्व वायू आधी एकाच नळीत येतो. मागील चाकांपाशी तिला दोन फाटे फोडले, तरी प्रवाह ठरतो तो अलीकडच्या अरुंद भागावरून. कशेडीच्या दोन्ही बाजूंना रस्ता कितीही रुंद केला, तरी घाटातील वळणांवरचा वेळ वाचत नव्हता. तो वाचविण्यासाठी डोंगरातून बोगदाच काढावा लागला. दुसऱ्या नळकांड्याचेही तसेच आहे. इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलल्यावाचून जो काही लाभ होतो तो अल्प, आणि तोही इंजिन अतिवेगाने फिरत असतानाच. घाटात खरी गरज असते ती कमी वेगातील ओढीची. नळी गरजेपेक्षा रुंद झाली तर वायूची गती मंदावून तीच ओढ घटण्याचा संभव असतो.

याउलट जोखीम मात्र पदरात पडते. मोटारीच्या पोटाखाली जी जागा एका नळीसाठी आखलेली असते, तेथे दोन नळ्या बसवताना इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि विजेच्या तारा यांपासून पुरेसे अंतर राखावे लागते. उष्णता अडविणारे पत्रे बसवावे लागतात. नळी टांगणारे रबर योग्य जागी यावे लागतात. हे काम जाणत्या हाताचे आहे. त्यात कसूर झाली की पहिल्या उंच गतिरोधकावर नळी घासते किंवा तापलेल्या नळीने शेजारची तार वितळते. कन्व्हर्टरच काढून टाकला, तर 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकाचा हेतूच पराभूत होतो. विमा कंपनीला न कळवता केलेला असा बदल पुढे भरपाईच्या दाव्यात आडवा येऊ शकतो, तो वेगळाच.

मग एवढा खर्च कशासाठी? याचे उत्तर थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने 1899 मध्येच देऊन ठेवले आहे. काही वस्तू उपयोगासाठी नव्हे, तर इतरांना दिसाव्यात म्हणून घेतल्या जातात. येथे फरक इतकाच, की ही वस्तू दिसण्यापेक्षा ऐकू येते. दागिना पाहायचा नसेल तर नजर वळविता येते. कानांना पापण्या नाहीत.

मिठाईवाला आणि डॉक्टर

लंडनमध्ये 1879 साली एका खटल्याचा निकाल लागला. एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे मोठाले खलबत्ते चालत. शेजारच्या डॉक्टरने आपल्या परसात, त्या भिंतीला लागूनच, रोगी तपासण्याची खोली बांधली आणि खलबत्त्यांच्या आवाजात काम अशक्य झाल्याची तक्रार केली. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने कौल दिला. रोनाल्ड कोझ यांनी 1960 मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात या खटल्याचा आधार घेऊन म्हटले, की हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि वाटाघाटीला खर्च येत नसेल, तर असे दोन शेजारी आपसांत सौदा करून मार्ग काढू शकतात.

महामार्गालगतच्या घरांना हा मार्ग मोकळा नाही. मोटार काही क्षणांत निघून जाते. आवाज करणारा एक, सोसणारे शेकडो, आणि कोणाचीच कोणाशी ओळख नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला कामगार त्या चालकाशी कोठे आणि कसली वाटाघाट करणार? परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या मुलीने, किंवा पोलादपूरच्या रुग्णालयातील रोग्याने, कोणापुढे गाऱ्हाणे मांडावे? ज्याला खिडक्या बंद करून वातानुकूलित खोलीत झोपणे परवडते, त्याची झोप वाचते. कौलारू घरात राहणाऱ्याला ती सोय नाही. म्हणजे या हौसेचा भार ज्यांच्याजवळ कमी आहे त्यांच्यावरच अधिक पडतो. बाजार जी किंमत वसूल करीत नाही ती शासनाने करून वसूल करावी, असे केंब्रिजच्या पिगू यांनी 1920 मध्ये प्रतिपादले होते, ते अशाच प्रसंगांसाठी.

दंडाचे गणित

कायदे नाहीत असे मुळीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 120 वा नियम प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक करतो. नवी मोटार कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या आवाजाला 74 डेसिबलची मर्यादा आहे. मोटारसायकलींना इंजिनाच्या आकारानुसार 75 ते 80 डेसिबलची. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही एकंदर आवाजाची कमाल पातळी ठरलेली आहे. 10 डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांतील थोड्याशा फरकाचे गांभीर्य कळते. मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. 2021 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने बदललेल्या सायलेन्सरच्या उपद्रवाची स्वतःहून दखल घेतली. 2019 च्या दुरुस्तीनंतर ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मर्यादा मोडणाऱ्या चालकास पहिल्या गुन्ह्यासाठी 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बेकायदा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

तरीही गर्जना थांबत नाही, याचे कारण दंडाच्या आकड्यात नसून पकडले जाण्याच्या शक्यतेत आहे. गॅरी बेकर यांनी 1968 मध्ये दाखविल्याप्रमाणे गुन्हा करणारा दंडाला त्या शक्यतेने गुणून पाहतो. समजा, शंभर फेऱ्यांत एकदाच अडविले गेले, तर 5 हजारांचा दंड फेरीमागे 50 रुपयांचा होतो. घाटमाथ्यावरच्या चहा-भज्यांचा खर्चही याहून अधिक असेल. असा दंड शिक्षा राहत नाही. तो हौसेचा पथकर बनतो.

पकडण्याची शक्यता कमी राहणार, हेही उघड आहे. पावसाळ्यात दरडी, पूर आणि अपघात यांनी हा टापू ग्रासलेला असतो. जुलै 2018 मधील आंबेनळीचा बस अपघात आणि जुलै 2021 मधील महाडचा पूर व तळियेची दरड यांच्या आठवणी येथे अजून ताज्या आहेत. अशा ठिकाणच्या मोजक्या पोलिसांनी वळणावळणावर नळकांडी तपासत उभे राहावे, ही अपेक्षाच अवाजवी होय. परिवहन विभागाचे जिल्ह्याचे कार्यालय पेणला, म्हणजे नव्वद-शंभर किलोमीटर दूर आहे.

रोड रोलर नव्हे, मोजमाप

मुंबई, पुणे, नागपूर या शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोड रोलर फिरविण्यात आला. छायाचित्रे उत्तम निघाली. पण रोलर फिरतो तो विकल्या गेलेल्या मालावर. दुकानातील नवा माल शाबूत राहतो आणि तो बसवून देणाराही. कायद्याची रचनाही काहीशी अशीच आहे. मालकाला दंड थेट आहे; सुट्या भागांच्या विक्रेत्यावरील कठोर कलम मात्र सुरक्षिततेसाठी महत्त्वाचे म्हणून अधिसूचित झालेल्या भागांपुरते आहे. लक्षावधी वाहनांमागे धावण्यापेक्षा दुकाने आणि गॅरेजे यांवर लक्ष ठेवणे कितीतरी स्वस्त पडेल, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

सरसकट बंदी हा मात्र यावरील उपाय नव्हे. नळी वाकविणे, पोलादाचा स्वच्छ जोड देणे, मोटारीच्या पोटाखाली मिलिमीटरचा हिशेब राखणे हे कसब आहे. ज्या तालुक्यात औद्योगिक वसाहत आहे तेथे असे हात घडतात आणि त्यांना काम हवे असते. जर्मनीत मान्यताप्राप्त आणि तसा शिक्का असलेला सायलेन्सर बदलून लावता येतो. जपानमध्ये मोटारीच्या ठराविक मुदतीच्या तपासणीत एक्झॉस्टचा आवाज मोजला जातो. आपल्याकडे हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. बदली सायलेन्सरसाठी तशीच प्रमाणपत्राची व्यवस्था करता येईल. वाहनांची चाचणी घेणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्यातच आहे. प्रमाणित वस्तू बसविणाऱ्या कारागिराला मग लपूनछपून काम करावे लागणार नाही, आणि अप्रमाणित वस्तू विकणाऱ्याला सबब उरणार नाही.

दुसरा उपाय याहूनही साधा आहे. खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांसाठी होते. त्या काळात तिला नियमाने तपासून घ्यावी लागते ती फक्त पीयूसी केंद्रात. तेथे धुरातील घटक मोजले जातात, आवाज मोजला जात नाही. ज्या नळीच्या तोंडात धुराची सळई घातली जाते, तिच्यापासून अर्ध्या मीटरवर ध्वनिमापक धरला तर त्याच वेळी, त्याच कर्मचाऱ्याकडून दुसरीही नोंद होईल. चाचणीपुरता जुना सायलेन्सर बसविणारे महाभाग निघतील, हे खरे. पण दर खेपेस मोटार उचलून नळ्या बदलण्याचा खटाटोप आणि खर्च हीच एक प्रकारची किंमत आहे, आणि ती चुकविता येत नाही.

ट्रकचे कर्कश भोंगे आणि मिरवणुकांतील भिंती याहून मोठा आवाज करतात, मग एकट्या तरुणालाच का धरता, असा प्रश्न विचारला जाईल. तो रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र सर्वांना मोकळे सोडणे हे नसून सर्वांना एकच माप लावणे हे आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा याच महामार्गावर 165 दिवसांत नवा पूल उभा राहिला. जीव गेले म्हणजे शासन हलते, हे त्यातून दिसले. झोप गेल्याची नोंद मात्र कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. ती व्हावी यासाठी पूल बांधावा लागणार नाही. पीयूसी केंद्राच्या टेबलावर एक छोटे यंत्र ठेवले तरी प्रारंभ होईल.