भोरडीला आरोपी करू नका



ज्वारी दाण्यावर आली की भोरड्यांचे थवे उतरतात आणि माळ्यावरून गोफणी फिरू लागतात. दाणा खाणाऱ्या पाखराचे लाड करा, असे आम्ही सांगणार नाही. राखण करावीच लागते. पण औषधांना दाद न देणारे जंतू हीच पाहुणी पाखरे पोटातून पसरवतात, असे कोणी म्हणू लागले, तर आपण आधी विचारले पाहिजे : ते जंतू पाखराच्या पोटात आले कोठून?

पोटात जंतू असणे हा रोग नव्हे. बैलाला कडबा पचतो तो पोटातल्या जंतूंच्या जोरावर. पाखराच्या आतड्यातही असे जंतू असतात आणि खाणे व मुक्काम बदलला की त्यांच्यातही फरक पडतो. भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियात टोळ-नाकतोडे खाऊन पिले वाढवते. इकडे ती दाणा, वडा-पिंपळाची फळे, पळसफुलातला मध यांवर राहते. उतरेल तिथले पाणी पिते आणि पाण्यात जे सांडले असेल ते पोटात घेते.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सैबेरिया, अलास्का आणि ग्रीनलंडमधल्या ९७ रानपाखरांची तपासणी होती. त्यांतल्या काहींच्या पोटात औषधांना न जुमानणारे ई-कोलाय जंतू निघाले. त्या बर्फाळ मुलखात औषधे कोणी ओतली नव्हती. ही शिदोरी माणसाच्या वस्तीतूनच तिथवर पोचली, असाच याचा अर्थ होतो.

आता आपल्याकडे बघा. शहराचे सांडपाणी शुद्ध न करता नाल्यात सोडले जाते. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन मिसळले जाई. त्यावर बंदी आली ती जुलै २०१९ मध्ये. कपाशीच्या करप्यावर स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनची पुडी दुकानदार सुचवतो. स्ट्रेप्टोमायसिन हे तर माणसाच्या क्षयावरचे औषध. शेतीतला हा वापर थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. पण मसुद्याने करपा हटत नाही. शेतकऱ्याच्या हाती दुसरा उपाय दिला पाहिजे : तंतू काढून प्रक्रिया केलेले बियाणे, रोगाला दाद न देणारे वाण, पिकाची फेरपालट आणि वेळेवर खरा सल्ला.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्या मांडाव्यात, असे आम्हाला वाटते. नगरपालिकांनी सांडपाणी शुद्ध केल्याखेरीज सोडू नये. गुरांना प्रतिजैविके डॉक्टरने तपासल्यावरच द्यावीत, आणि त्यासाठी तो डॉक्टर गावापर्यंत पोचावा. करप्यावर पुडीऐवजी काय करायचे, हे कृषी खात्याने हंगामाआधी लेखी सांगावे.

आज न जुमानणारा जंतू उद्या आपल्याच लेकराच्या जखमेत शिरला, तर दवाखान्यातली सुई फुकट जाईल आणि कर्ज मात्र डोक्यावर राहील. त्या वेळी भोरडीवर गोफण मारून काही उपयोग नाही.