पुढच्या रांगेत आपण का नाही?

यात्रांचे दिवस जवळ आले, की बारामती-इंदापूरच्या रस्त्याला फलक लागायला सुरुवात होते. वर ग्रामदैवताचा फोटो, खाली शुभेच्छुकांची भलीमोठी रांग आणि मधोमध नाचणारीचं चित्र. सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, 'महिलांसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था'. ती वाचून आम्ही मैत्रिणी हसतो. कारण ही व्यवस्था म्हणजे काय, हे आम्ही बघितलंय. मैदानाच्या कडेला दोरी बांधलेला एक कोपरा. तिथून स्टेज दिसत नाही, दिसतात ती फक्त उभी राहिलेल्या पुरुषांची डोकी. तासाभरात दोरी खाली येते आणि बायका पोरांना कडेवर घेऊन घरी.

म्हणजे कार्यक्रम गावाचा, वर्गणी घरटी, आणि बघणारं निम्मंच गाव!

2022 च्या सुमारास गौतमी पाटील हे नाव गावोगावी पोचलं. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याकडची ही मुलगी. मोबाइलवर तिचे व्हिडिओ फिरले आणि यात्रा, वाढदिवस, उद्घाटनं, सगळीकडून सुपाऱ्या यायला लागल्या. गर्दी इतकी, की माणसं झाडावर आणि पत्र्यावर चढून बसायची. तिच्या हावभावांवर जाणत्या लावणी कलावंतांनी टीका केली, तिने जाहीर माफीही मागितली. टीका करणाऱ्यांचं सगळंच चूक होतं, असं मी म्हणणार नाही. लावणी म्हणजे नुसत्या उड्या नव्हेत, त्यात अदाकारी लागते, हे खरंच आहे.

पण फेब्रुवारी 2023 मध्ये काय झालं, ते आठवा. ती कपडे बदलत असताना कुणीतरी चोरून चित्रण केलं आणि ते पसरवलं. राज्य महिला आयोगाने दखल घेतली, पुण्यात गुन्हा नोंदला गेला. तरीही पारावर चर्चा कशाची? तिच्या कपड्यांची! चोरून चित्रण करणं हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये येतो आणि पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्षाची कैद आहे. हे किती जणींना माहीत आहे? हा कायदा काही फक्त नाचणारीसाठी नाही. लग्नाच्या कार्यालयात साडी बदलणाऱ्या तुमच्या-माझ्या मुलीसाठीही तो तेवढाच आहे.

आता जरा फलकावर नाव नसलेल्यांकडे बघू. तमाशाची सुरुवात गणाने होते, मग गवळण, मग पुढचं सगळं. सुरुवात करणाऱ्यालाही तिथे मान असायचा. आजच्या कार्यक्रमात मुख्य कलाकार येईपर्यंत तास-दीड तास दुसऱ्याच मुली नाचत असतात. खाली पोरं मुख्य कलाकाराच्या नावाने ओरडत असतात. शिट्ट्या आणि नको ते शब्द पहिल्यांदा झेलायचे ते याच मुलींनी. त्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात आणि त्यांच्या हातात किती पैसे पडतात, हेही कुणी विचारत नाही.

आपल्या पुणे जिल्ह्याला तरी हे नवं नाही. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात, गावचे पंच येऊन तमाशा ठरवून जातात. त्याच नारायणगावच्या विठाबाई. फडावर असतानाच बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत घरोघर सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, पण अखेरचे दिवस हलाखीत गेले. 2002 मध्ये त्या गेल्या. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. आपली रीतच अशी. कलावंतीण नाचत असते तेव्हा तिला नावं ठेवायची आणि गेल्यावर तिच्या नावाने पुरस्कार द्यायचा.

मग बायकांनी हे कार्यक्रम बघूच नयेत का? तसं मुळीच नाही. सुरेखा पुणेकरांच्या 'नटरंगी नार'ला नाट्यगृहात घरंदाज म्हणवणाऱ्या बायका हौसेने गेल्या. खास महिलांसाठी लावणीचे प्रयोग लागले, बायकांनी शिट्ट्याही मारल्या! आपल्याला लागून असलेल्या अकलूजच्या लावणी स्पर्धेनेही ही कला चार लोकांत मानाने बसवली. बायका बदलल्या नव्हत्या, बदलली होती ती जागा. तिथे खुर्ची होती, दिवे होते, स्वच्छतागृह होतं.

कुणी म्हणेल, नाट्यगृहाचं ठीक आहे, उघड्या मैदानात हे कसं जमायचं? त्यांना मी बेलवाडीला न्यावं म्हणते. तुकोबांची पालखी आपल्याच तालुक्यांतून जाते. बेलवाडीच्या रिंगणाला केवढी गर्दी! डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका त्याच मैदानात धावतात. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या असतात. अंगाला हात लागेल या भीतीने कुणी घरी बसत नाही. मैदान उघडंच, माणसंही आपलीच. मग फरक कशात आहे? तिथे शिस्त ठरलेली असते आणि ती मोडणाऱ्याला शेजारचा माणूसच आवरतो.

म्हणून मैत्रिणींनो, यंदा फलक लागायच्या आधीच बोलू या. आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या सभेत चार गोष्टी मागायच्या. बायकांची जागा कोपऱ्यात नको, स्टेजसमोर निम्मी हवी. तिथे उजेड आणि फिरती शौचालयं हवीत. कलाकारांना कपडे बदलायला बंद खोली आणि दाराशी बाईमाणूस हवं, मुख्य कलाकारासाठी आणि तिच्या आधी नाचणाऱ्या मुलींसाठीही. आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. जादा परवानगी नसेल तर तो नियमच आहे.

यात पैसा फारसा लागत नाही. वर्गणी मागायला पोरं दाराशी येतील, तेव्हा पावती फाडायच्या आधी एवढंच विचारा, "आमची बसायची जागा कुठे ठेवलीय, बाळांनो?" चार घरांतून हाच प्रश्न आला, तर दोरी बांधणाऱ्यांना यंदा तिची जागा बदलावी लागेल.