आधी त्याचा ठेका ऐका

परवा शेजारच्या वहिनी डोळ्यांत पाणी आणून सांगत होत्या, "ताई, गॅदरिंगला सगळी पोरं स्टेजवर, अन् आमच्याला मागच्या वर्गात बसवून ठेवलं. म्हणे, मधेच ओरडेल." मुलगा आठ वर्षांचा, ऑटिझम असलेला. बोलणं अगदी थोडं. पण वहिनी भाकरी थापू लागल्या की त्याच तालात हा शेजारी बसून डबा वाजवतो! ज्याला गाण्याची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच गाण्यातून बाहेर काढलं.

संगीतोपचार म्हणजे राग लावून ठेवायचा आणि मूल बरं होण्याची वाट बघायची, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नाही. शिकलेला उपचारक आधी मुलाचं ऐकतो. मुलानं दोनदा डबा वाजवला की तोही दोनदाच वाजवतो आणि थांबतो. आता पाळी मुलाची. समोरच्याकडे पाहणं, वाट बघणं, आपली पाळी घेणं या बोलण्याआधीच्या पायऱ्या इथं शब्दांवाचून चढता येतात.

मात्र मैत्रिणींनो, "अमुक महिन्यांत बोलायला लावतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. २०१७ साली नऊ देशांतल्या ३६४ ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांनंतरही संगीतोपचार घेतलेल्या मुलांची मुख्य लक्षणं इतरांपेक्षा कमी झालेली दिसली नाहीत. मग गायचं कशाला? अहो, ऑटिझम म्हणजे काही उतरायचा ताप नव्हे. लक्षणं मोजणं वेगळं आणि मायलेकरांचा अर्धा तास हसत जाणं वेगळं. कानाची तपासणी, वाचा-उपचार हे सगळं चालूच ठेवायचं. गाणं त्याच्या जोडीला.

आणि हे आपल्याला नवं कुठं आहे? आपल्या जिल्ह्यातलं गंगाखेड हे जनाबाईचं गाव. आपल्या आज्या जात्यावर समोरासमोर बसायच्या. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उचलायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पाळीपाळीनं गाणं आपल्या रक्तातच आहे.

तेव्हा घरी एवढं करून बघा. रोज ठरलेल्या वेळी एकच ओवी म्हणा. शेवटचा शब्द सोडा आणि मनात दहापर्यंत मोजा. त्यानं नुसता हुंकार दिला, हात हलवला, तरी ते उत्तरच समजा. कानावर हात ठेवले तर लगेच थांबा. अशा मुलाला वरातीच्या डीजेसमोर तर नेऊच नका.

शाळेलाही सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारमान्य शाळांत या मुलांना शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीचीही इतरांइतकीच संधी मिळाली पाहिजे. गॅदरिंग ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे.

पुढच्या वर्षी वहिनींच्या मुलाच्या हाती एक डबा द्या आणि त्याला पहिल्या रांगेत उभं करा. मधेच ओरडला तर ओरडू दे. आपल्या गॅदरिंगला माईक किती वेळा किंचाळतो! तो चालतोच ना आपल्याला?