पुडी कोणी मढवली?

बासरी आणि तबला. एका सतरंजीवर दोघं. मागं कुठल्यातरी बँकेचा नाहीतर बिल्डरचा फलक, पुढच्या तीन रांगांत पासवाले, आणि पार शेवटी आपण. तिकीट काढून, किंवा दारावर कुणी ओळखीचा असला तर तसेच घुसलेले. आपली पुष्कळ पोरं आताशा अशा मैफलींना जातात. जावंच. संगीत काय कुणाच्या बापाची इस्टेट नाही. पण डोळे मिटून मान डोलवायची सवय लागायच्या आधी, दोस्तांनो, सुरुवातीची पाच मिनिटं डोळे उघडे ठेवा.

त्या पाच मिनिटांत बासरीवाला एक सूर लावून धरतो. तबलजी हातोडी घेतो. गजऱ्यावर वरून ठोकतो, खालून ठोकतो, गठ्ठा सरकवतो, चाटेवर बोट मारून कान लावतो, परत ठोकतो. सगळं सभागृह चिडीचूप. कारण साधं आहे. बांबूला तापलेल्या सळईनं एकदा भोकं पाडली की त्याची पट्टी ठरली. सतारीची खुंटी पिळता येते, बासरीला खुंटीच नाही. म्हणजे जुळवून घ्यायचं ते कातड्यानं. ते जुळलं तरच पुढं मैफल.

आणि कातडं असं सहजासहजी सुराला जुळत नसतं बरं का. हलगी शेकली की आवाज चढतो, कडाडतो, पण तिला षड्ज विचारू नका. तबला सुरात बोलतो तो मधल्या त्या काळ्या शाईमुळं. लोखंडाची भुकटी आणि खळ, थरावर थर, प्रत्येक थर गुळगुळीत दगडानं घासायचा, बारीक भेगा पडेपर्यंत घासायचा. थर एका बाजूला जरा जास्त बसला की तबला घुमायचं सोडून ठणठण करतो. ही शाई काय करते ते सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये लिहून जगाला सांगितलं: शाईच्या वजनामुळं कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत बसतात, तारेत बसतात तसे. म्हणजे जगातल्या शास्त्रज्ञांनी टोपी काढावी असं काम. ते कुणी केलं? पोथीत नाव नाही. तबल्याचा शोध अमीर खुस्रोच्या नावावर टाकून आपले पंडित मोकळे होतात, इतिहासात त्याला पुरावा सापडत नाही तरी. दरबारातला माणूस शोध लावू शकतो. कातडं सोलणारा, कमावणारा, ताणणारा कसा लावेल? त्याला अक्कल कुठनं आली!

बासरीचं पुराण वेगळं. ती कृष्णाच्या ओठांची, म्हणून सोवळी. गुराख्याच्या हातातली छोटी बासरी लांब करून तिच्यावर ख्याल वाजवून दाखवला तो पन्नालाल घोषांनी; ते गेले १९६० साली. पुढं अलाहाबादच्या एका पैलवानाच्या पोरानं, हरिप्रसाद चौरसियानं, वस्तादबापाच्या धाकानं लपूनछपून सूर शिकून ती जगभर नेली. ही कष्टानं वर आलेली माणसं आहेत, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. (तसा बांबूही काही जानव्याचा नाही. आपल्याकडं बांबूचं काम बुरडाचं, आणि बुरूड कुठल्या यादीत आहे ते बघून घ्या.) भांडण आहे ते सतरंजीच्या कडेशी. ती कड जिथं संपते तिथं ‘कलावंत’ हा शब्द संपतो आणि ‘कारागीर’ सुरू होतो. आणि ती कड कुणी आखली हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

हीच कड उघडीनागडी बघायची असेल तर मद्रासकडे बघा. तिथंही बासरी आहे, तिच्याबरोबर तबल्याच्या जागी मृदंग आहे. माली म्हणून ओळखले गेलेले टी. आर. महालिंगम बासरीवर आणि पालघाट मणी अय्यर मृदंगावर, ही नावं घेताना तिकडचे रसिक कानाला हात लावतात. मृदंगाला कातडी लागतात तीन: गाईचं, म्हशीचं, बकरीचं. वाजवणारे बहुतेक ब्राह्मण. बनवणारे बहुतेक दलित, त्यात ख्रिस्ती झालेले पुष्कळ. म्हणजे ज्या बोटांना गाईच्या नुसत्या नावानं भरतं येतं, तीच बोटं जन्मभर गाईच्या कातड्यावर नाचतात. वाजवणाऱ्याला विटाळ नाही. विटाळ फक्त बनवणाऱ्याला. मणी अय्यरांचे मृदंग बनवणाऱ्या पार्लांदूचं नाव मैफलीच्या कुठल्या पत्रिकेवर असणार? त्याच्या घराण्यावर, आणि अशा अनेक घराण्यांवर टी. एम. कृष्णा या गायकानं २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. गायक स्वतः ब्राह्मण. प्रकाशन ठरलं होतं चेन्नईच्या कलाक्षेत्रात. केंद्र सरकारची संस्था. ऐनवेळी तिनं सभागृह नाकारलं. पुस्तकात वादग्रस्त विषय आहेत, राजकारण आहे, सामाजिक सलोखा बिघडेल, असं काहीसं कारण. शेवटी प्रकाशन झालं एका पत्रकारितेच्या कॉलेजात. मृदंग सभागृहात चालतो. त्याच्यावरचं कातडं चालतं. कातड्याची गोष्ट चालत नाही!

आणि हे नुसतं मानापमानाचं नाटक नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू कापणंही गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून, उघडं करून, लोखंडी नळ्यांनी आणि पट्ट्यांनी फोडलं. मारणाऱ्यांनीच चित्रफीत काढली आणि मिरवली. त्याच महिन्यात सुरेंद्रनगरला आपल्या लोकांनी मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली: घ्या, तुमची आई तुम्हीच पुरा. त्या रात्रीही देशात कुठंतरी मृदंग घुमलाच असेल. टाळ्या पडल्याच असतील. त्या टाळ्यांना आणि त्या पट्ट्यांना एकच कातडं जोडतं, हे सभागृहातल्या किती जणांच्या ध्यानात आलं?

इथं आपल्यातलाच कुणी उठून विचारेल, आणि विचारायलाच पाहिजे: बाबासाहेबांनी आम्हाला ढोरं ओढायचं सोडायला सांगितलं, आणि तू काय परत कातड्याचे गोडवे गातोस? प्रश्न बरोबर आहे. महाडला १९२७ मध्ये त्यांनी जे सांगितलं ते आपल्या आज्यापणज्यांनी ऐकलं, म्हणून आज आपण हे छापतो-वाचतो आहोत. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी ‘केसरी’तल्या त्या हिशोबी पत्रलेखकाचा किस्सा सांगितला होता. मेल्या ढोराच्या कातड्याशिंगांत फायदा किती, हे तो महारांना समजावत होता. बाबासाहेबांचं उत्तर सरळ होतं: एवढा फायदा असेल तर तुम्हीच ओढा की! ते उत्तर आजही शंभर टक्के लागू. कुणाच्याही पोरानं बापाचं म्हणून कातडं धरू नये. शिकावं, इंजिनियर व्हावं, नाहीतर कवी व्हावं आणि उपाशी मरावं, त्याची मर्जी. पण एखाद्यानं आपल्या मर्जीनं शाई घोटायला बसायचं ठरवलं, तर त्याच्या अकलेचा दाम आणि त्याचं नाव कुणी गिळू नये. बलुतं नाकारायचं होतं. विद्या कशाला त्यांच्या नावावर सोडायची?

नाव मिळवता येतं, याचा पुरावा खुद्द तबलजीच आहे. एके काळी तो नुसता ‘साथीदार’. मागं सरकून बसायचं, बिदागी कमी, कोठ्यावरचा माणूस म्हणून नाकं मुरडलेली. आज कुणी म्हणेल तसं? अल्लारखाँ आणि त्यांच्या माहीममध्ये वाढलेल्या पोरानं ते चित्र पालटलं. बासरीचा आलाप चालू असताना अर्धा अर्धा तास हात मांडीवर ठेवून बसणारा माणूस, पण लोक त्याच्या पहिल्या थापेची वाट बघायला लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये झाकीर हुसेन आणि बासरीवाला राकेश चौरसिया यांना, दोन अमेरिकन वादकांसोबत, ग्रॅमी मिळालं. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीर गेला. मग कॅमेरे कांजूरमार्गला पोचले, मूळ मिरजेच्या हरिदास व्हटकरांच्या कारखान्यात. झाकीरचे तबले ते बनवत. उस्ताद मेल्यावर तबला बनवणारा बातमीत येतो! जिवंतपणी दोघांची नावं एका पत्रिकेवर छापायला शाई कमी पडली असती काय?

आणखी एक गंमत बघा. मैफल रंगात आली की बासरी एक तुकडा टाकते, तबला तोच उचलून देतो. मग तुकडे लहान लहान होत जातात, आणि लोक खुर्चीतनं उठतात. याला म्हणतात सवाल-जवाब. हा शब्द कुठला, राव? आपल्या फडावरचा. तिथं बाई सवाल टाकते, ढोलकी कडाडते, आणि पांढरपेशा म्हणतो बाजारू. इथं तेच नाव, तशीच ईर्षा, आणि म्हणे अभिजात. ढोलकीला शाई लावणारा आणि तबल्याला शाई लावणारा पुष्कळदा एकाच दुकानात बसलेला असतो. त्याला विचारा दोघांत सोवळं कुठलं. हसेल तो.

आता सांगायचं एवढंच की मागणी फार मोठी नाही. वादकाचं नाव जिथं छापलं जातं, तिथं वाद्य बनवणाऱ्याचं नाव छापा. पत्रिकेवर, ध्वनिमुद्रणावर, परदेशी दौऱ्याच्या फलकावर. तबला स्टेजवर चढतो तेव्हा त्याच्या कर्त्याला पहिल्या रांगेत खुर्ची द्या. बिल्डरच्या मेव्हण्याला एक कमी मिळाली तर सूर बिघडत नाही. सरकार वादकांना पुरस्कार, मानधन, घरं देतं, त्या यादीत पुडी मढवणारा बसवा. फुफ्फुसात लोखंडाची भुकटी घेऊन म्हातारा होणाऱ्याला पेन्शन द्या.

हे मागायला शिष्टमंडळ वगैरे लागत नाही. डिसेंबर आला की पुण्यामुंबईत मैफलींचा सुकाळ. मध्यंतरात संयोजक चहा पीत उभे असतात, अंगावर शाल, तोंडावर हसू. तिघं-चौघं मिळून जायचं, नमस्कार करायचा आणि विचारायचं, “साहेब, आजच्या तबल्याची पुडी कोणी मढवली?” माहीत नाही म्हणाले तर म्हणायचं, माहिती काढा, आम्ही थांबतो. आणि खरोखर थांबायचं.