मोर्च्यात लेकरे न्यावीत काय?

कोपर्डी येथे १३ जुलै २०१६ रोजी एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, तेव्हा मराठवाडा कसा हादरला हे वाचकांस स्मरत असेलच. त्या संतापातून ९ ऑगस्ट रोजी औरंगाबादेस पहिला मराठा मूक मोर्चा निघाला, आणि दुसरा २६ ऑगस्ट रोजी आमच्या धाराशिवात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत. पुढे मुली, त्यांच्यामागे स्त्रिया, मग पुरुष व अगदी शेवटी पुढारी, ही त्या मोर्च्यांची रीत पुढे राज्यभर रूढ झाली. घोषणा नाहीत, भाषणे मुलींची, निवेदनही मुलींच्याच हाती. लाखालाखांचे ते समुदाय शिस्तीने आले व शिस्तीने परतले, आणि त्याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे.

परंतु त्या दृश्याने एक प्रश्न मागे ठेवला. आईबापांनी आपल्या लहान मुलांस राजकीय आंदोलनात न्यावे काय, आणि न्यावे तर कोणत्या नात्याने? पुढे चालणाऱ्या मुलीच्या हातातील कागदावर गुन्हेगारांस फाशीची मागणी होती. ती तिची स्वतःची मागणी होती, ह्यात संशय नाही. शाळेची वाट तीही रोज एकटी चालते; कोपर्डीच्या मुलीचे भय तिच्या अंगावरून गेलेले असते. पण त्याच कागदावर आरक्षण होते, आणि अनुसूचित जातिजमातींवरील अत्याचार रोखण्यासाठी १९८९ साली झालेला कायदा बदलावा, ही मागणीही होती. तो कायदा काय आहे, कोणासाठी आहे, तो कशामुळे करावा लागला, हे त्या मुलीस कोणी समजावून सांगितले होते काय? आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्याच बाकावर बसणाऱ्या, गावाच्या दुसऱ्या टोकाकडून येणाऱ्या मैत्रिणीस त्या कागदाविषयी काय वाटले असेल, हा विचार किती आईबापांच्या मनास शिवला? मागणी योग्य की अयोग्य, हा वाद थोरांनी खुशाल करावा. तो वाद मुलीच्या मुखाने मांडावयाचा, म्हणजे त्याचे ओझे तिच्या बाकावर नेऊन ठेवावयाचे. २०२३ पासून मराठा व इतर मागास वर्ग ह्यांच्या आरक्षणाच्या झगड्यात मराठवाड्यातील कित्येक गावांत जी तेढ वाढली, ती शाळेच्या पडवीबाहेर थांबली असेल असे मानणारा भोळाच म्हणावा लागेल.

ह्याच्या उलट एक उदाहरण पाहा. नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यात दरेवाडी म्हणून वस्ती आहे. तेथील शाळा बंद झाली, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथली मुले आईबापांसह बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेच्या दारी गेली. आमची दप्तरे घ्या व आम्हांस वळावयास बकऱ्या द्या, असे त्यांचे म्हणणे होते. ह्या मुलांस कोणी वापरले, असे कोण म्हणेल? गाऱ्हाणे त्यांचे होते, ते त्यांस पुरते समजत होते, आणि त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणी ते तितक्या नेमके मांडलेही नसते. तेव्हा मुलाचे वय किती, एवढ्याने निर्णय होत नाही. भांडण कोणाचे आहे, हे आधी पाहावे लागते.

कायद्याचा आधार शोधू गेल्यास तो अर्ध्या वाटेपर्यंतच मिळतो. निवडणुकीच्या प्रचारात मुलांस राबवू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१४ रोजी राजकीय पक्षांस बजावले. त्याच निर्णयाचा हवाला देऊन निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी उमेदवारांस ताकीद दिली, की मूल कडेवर घेऊन मिरवू नये, त्याच्याकडून घोषणा वा गाणी म्हणवू नयेत. मात्र हे सारे निवडणुकीपुरते झाले. राज्यघटनेने शांततेने एकत्र जमण्याचा जो हक्क नागरिकांस दिला आहे, त्यास वयाची अट घातलेली नाही. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही मुलांस तो हक्क स्पष्ट दिला आहे. तेव्हा मुलांस सरसकट बंदी करा, ही ओरड आम्हांस मान्य नाही. हक्क मुलाचा आहे, आईबापांचा नव्हे, एवढेच त्यांनी ओळखावे. मूल ही घरातील वस्तू नाही, की बापाने ती आपल्या पक्षास उसनी द्यावी.

दिल्लीच्या शाहीनबागेतील धरण्यास रोज आईबरोबर जाणारे चार महिन्यांचे तान्हे ३० जानेवारी २०२० रोजी कडाक्याच्या थंडीत दगावले. मुंबईतील एका शौर्यपदकप्राप्त शाळकरी मुलीच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि चार महिन्यांचे मूल निदर्शने करावयास जाते काय, असा सवाल सरन्यायाधीशांनी केला. सवाल रास्त होता. पण ते कुटुंब ताडपत्री व फाटक्या कापडांच्या झोपडीत राहत होते. थंडी तेथेही होतीच. आपल्याकडे अंगणवाडी सेविका वा शेतमजूर बाया मोर्च्यास निघतात तेव्हा कडेवरचे पोर कोणाजवळ ठेवतील? त्यांच्यावर बोट रोखणे सोपे आहे. दोष असलाच तर तो, हजारो स्त्रियांस बोलावून सावली, पाणी व पोरांची जागा ह्यांची सोय न करणाऱ्या पुढाऱ्यांस लागतो.

इतिहासाकडे बोट दाखविण्याची चाल ह्या वादात नेहमीची आहे. नंदुरबारास ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती पडले, तेव्हा शिरीषकुमारास सोळावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. त्याच्या स्मारकापुढे आम्हीही मान लववितो. पण त्या धैर्याचा मान त्या मुलांचा आहे. त्यावरून आपले सात वर्षांचे पोर रास्ता रोकोत बसविण्याचा परवाना कोणास मिळत नाही. दांडीयात्रेसाठी गांधीजींनी माणसे निवडून घेतली, त्यांत सर्वांत धाकटा सोळा वर्षांचा होता. आणि खुद्द आमच्या जिल्ह्याने निजामी अमलात काय केले? असहकाराच्या काळात, १९२१ साली, हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा काढली. पुढे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ त्याच शाळेत मुलांस शिकवीत होते. तेथे मुलांपासून राजकारण लपविले नाही. ते आधी फळ्यापुढे बसवून शिकविले.

जमावाची प्रकृती तासाभरात पालटते, हेही धाराशिवास नव्याने सांगावयास नको. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस उमरगा तालुक्यात कर्नाटकाची प्रवासी बस पेटविली गेली व जिल्ह्यात संचारबंदी लागली. प्रवासी बचावले, हे सुदैव. त्या दिवशी सकाळी शांत निदर्शने म्हणून मुलास खांद्यावर घेऊन निघालेल्या बापास संध्याकाळची कल्पना कोठून असणार?

म्हणून जिल्ह्यातील सर्वच संघटनांस, त्या कोणत्याही जातीच्या वा रंगाच्या असोत, आमचे सांगणे आहे. बेमुदत उपोषणाच्या मंडपात व रस्ता अडविण्याच्या जागी मुलांस आणू देऊ नये, आणल्यास आईबापांस परत पाठवावे. मुलाच्या हाती दिलेला फलक त्यास वाचता व समजावता येत नसेल, तर तो काढून घ्यावा. आईबापांनी निघण्यापूर्वी मुलास, येतोस काय, असे विचारावे आणि नाही म्हटल्यास त्याचे नाही खरे मानावे. मार्च २०१८ मध्ये नाशिकाहून मुंबईस पायी गेलेल्या शेतकऱ्यांनी, दहावीच्या मुलांस परीक्षेस जाताना अडथळा नको म्हणून, शेवटची मजल रात्रीतच चालून पहाटे आझाद मैदान गाठले. पायांस फोड आलेल्या त्या माणसांस परक्या मुलांची परीक्षा आठवली. आपल्या मुलांची शाळा, त्यांचा बाक व त्या बाकावरील सोबती आठवणे आम्हांस जड जाऊ नये.