सर्पगंधा आणि मोजलेला रक्तदाब

कफ परेडच्या मच्छीमार नगरात काय किंवा लालबागच्या चाळीत काय, ‘बीपीची गोळी एकदा लागली की जन्माची’ हे वाक्य हमखास ऐकू येते. पाठोपाठ सल्लाही येतो, ‘त्यापेक्षा सर्पगंधेचे चूर्ण घ्या. झाडपाल्याचे औषध, अपाय काही नाही.’ यातला अर्धा भाग खरा आहे. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, आणि हे जगाच्या नजरेस आणून देणारे डॉक्टर आपल्याच मुंबईचे होते. ‘अपाय नाही’ हा उरलेला अर्धा भाग मात्र धोक्याचा आहे.

डॉ. रुस्तम जाल वकील हे परळच्या केईएम रुग्णालयात काम केलेले हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधेचा शोध त्यांनी लावला नाही. आपल्याकडे ही मुळी पूर्वापार वापरात होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोग होतो, असे लिहूनही ठेवले होते. वकिलांनी अनेक वर्षे रुग्णांचा रक्तदाब मोजला, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ५० रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचून बोस्टनच्या डॉक्टरांनी हे औषध वापरून पाहिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा. रक्तदाब उतरवल्याने माणूस खरोखर वाचतो का, हा प्रश्न तेव्हा मिटलेला नव्हता. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १४३ पुरुषांवर चाचणी केली. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना तीन औषधे एकत्र दिली, त्यांत रेसरपिन होते. उरलेल्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९६७ मध्ये निकाल आला. औषध न मिळालेल्यांपैकी २७ जणांना गंभीर त्रास झाला, औषध घेणाऱ्यांपैकी फक्त दोघांना.

म्हणजे मुळी गुणकारीच. मग धोका कुठे? रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली नॉरअॅड्रेनॅलिनसारखी रसायने रिकामी करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. हीच क्रिया मेंदूतही होते. म्हणून नाक चोंदते, सुस्ती येते आणि काहींना नैराश्य येऊ शकते. नैराश्य किंवा पोटात अल्सर असलेल्याला हे औषध देत नाहीत. त्याचा परिणाम हळूहळू चढतो आणि औषध थांबवले तरी बरेच दिवस राहतो. गोळीत रेसरपिनचे प्रमाण मिलिग्रॅमच्या अंशात मोजलेले असते. चूर्णाच्या चमच्यात किती, हे कोण सांगणार? मुळीतील द्रव्याचे प्रमाण झाडागणिक आणि जमिनीगणिक बदलते. शिवाय आधीची गोळी चालू असताना वर चूर्ण घेतले, तर रक्तदाब नको तितका उतरू शकतो. आज डॉक्टर अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन आधी लिहून देतात, यात कुणाचा आयुर्वेदावर राग नाही. ही औषधे बहुतेकांना अधिक सोसतात, इतकेच.

आता ‘जन्माची गोळी’. रक्तदाबाचा विकार बहुधा जन्माचा असतो, म्हणून गोळीही तशीच. वजन आणि मीठ कमी केल्यावर काहींची गोळी कमी होते. पण ती डॉक्टरने, आकडे पाहून करायची. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे बीपी उतरले, हा हिशेब चुकीचा आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही आणि एके दिवशी अर्धांगवायू होऊन समोर येतो. बोटीवर जाणाऱ्या नाखव्याने तितक्या दिवसांच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात. सुकटीच्या, सुक्या बोंबलाच्या मिठाकडे घरच्यांनी लक्ष द्यावे. चूर्ण आधीच घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ते औषधच आहे, म्हणून सांगायलाच हवे.

वकिलांचे नाव सांगून चूर्ण विकणाऱ्यांनी त्यांच्या कामातला अर्धाच धडा घेतला आहे. परंपरेने सांगितले म्हणून त्यांनी मुळी फेटाळली नाही, आणि तेवढ्यावर डोळे मिटून स्वीकारलीही नाही. त्यांनी मोजून पाहिले. पालिकेच्या दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायला पाच मिनिटे पुरतात. कुठलेही औषध सुरू करण्याआधी किंवा थांबवण्याआधी ती पाच मिनिटे काढा.