शाळा उघडली तेव्हा टोळी निघून गेली होती

करोनामुळे बंद पडलेले नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला राज्य सरकारने परवानगी दिली, ती २३ नोव्हेंबर २०२० पासून. त्याआधीच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या गाव सोडून उसाच्या फडात पोहोचल्या होत्या. पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले २७ जानेवारी २०२१ ला, म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात असताना. दुसऱ्या लाटेत सगळे पुन्हा बंद झाले. ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाले. दसरा होता १५ ऑक्टोबरला आणि दसरा झाला की टोळ्या हलू लागतात. पहिली ते चौथीच्या चिमुकल्यांची पाळी आली १ डिसेंबरला. त्या वेळी त्यांच्यातली कितीतरी मुले आईबापांबरोबर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या किंवा थेट कर्नाटकातल्या उसात होती.

तो हंगामही नेहमीसारखा संपला नाही. २०२१-२२ मध्ये राज्यात विक्रमी ऊस होता. मराठवाड्यात तो जूनपर्यंत उभा राहिला आणि कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, नव्या शैक्षणिक वर्षाची घंटा वाजायची वेळ झाली. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल जून २०२२ मध्ये तिसरीच्या हजेरीपटावर आले. या दोन वर्षांत त्याने वर्गात बसून काढलेले दिवस मोजायला फारसा वेळ लागणार नाही.

बीडच्या शिक्षणाबद्दल बोलताना शाळेचे आणि उसाचे ही दोन वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवीत. मुंबई-पुण्यातल्या मुलाची शाळा साथीने बंद केली आणि साथ ओसरल्यावर उघडली. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारमधल्या ऊसतोड कुटुंबातल्या मुलाची शाळा साथ नसतानाही वर्षातले पाच-सहा महिने सुटतच होती. साथीने उरलेले महिनेही नेले.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत दोघांनाही फड सोडता येत नाही. मूल मागे ठेवायचे तर घरात धडधाकट आजी हवी. ती नसेल तर मूल फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, जाते. तिथे धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे, बैलांना वाढे टाकणे ही कामे त्याच्याकडे येतात. ही गळती थांबवण्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहे सुरू झाली, कुठल्याही शाळेत दाखल्याविना बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आले. यातले काही नीट चालले, काही कागदावरच राहिले. पण जे होते ते शाळेच्या भिंतींना टेकून उभे होते. शाळेलाच कुलूप लागल्यावर या आधारांना टेकायला जागा उरली नाही.

मार्च २०२० मधली टाळेबंदी हंगामाच्या शेवटाला आली. लाखाहून अधिक मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले आणि १७ एप्रिलला सरकारने त्यांना गावी परतायची मुभा दिली. लेकरांसह गावात आलेल्या या कुटुंबांना आधी विलगीकरण भोगावे लागले. शाळेतली खिचडी बंद होऊन कोरडा शिधा मिळू लागला. तो घरातल्या सगळ्यांत वाटला जाणार, हे उघडच होते. शाळेत शिजलेला घास मात्र त्या मुलाच्याच पोटात जात होता.

मग ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही घोषणा आली. सरकारने प्रयत्न केले नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दीक्षा ॲप होते, व्हॉट्सॲपवर स्वाध्याय येत होते, जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही चांगली मालिका सुरू झाली. काही शिक्षकांनी पारावर आणि देवळाच्या ओट्यावर मुले जमवून शिकवले. पण फोन घरात एकच असेल आणि मुकादमाशी बोलायला तो बापाच्या खिशात असेल, तर पोराच्या वाट्याला काय येणार? पाचटाच्या कोपीत वीज नाही, मग दूरचित्रवाणी कुठली? ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले फक्त ८ टक्के निघाली. ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती.

मुलींचे नुकसान आणखी खोल गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याची सरासरी २१.९ टक्के होती. महाराष्ट्रातली ही पाहणी २०१९ मधली, म्हणजे साथीच्या आधीची आहे. ज्या जिल्ह्यात आधीच ही स्थिती, तिथे शाळा दीड वर्ष बंद ठेवण्याचा अर्थ वेगळा होतो. वयात आलेल्या मुलीला एकटीला गावात ठेवायची भीती वाटते, फडावर न्यायचीही वाटते. ‘अजून शिकतेय’ हे लग्न लांबवायचे एकमेव मान्य कारण होते, तेच गेले. त्यात करोनाच्या निर्बंधांमुळे पन्नास माणसांतले लग्न स्वस्त पडत होते आणि लग्न लागले की नवा कोयता तयार होत होता. शाळा उघडल्यावर परत न आलेल्या या मुलींना कोणत्याही उजळणी वर्गाने गाठलेले नाही.

कागदावर मात्र सगळे पुढे सरकत राहिले. २०२१ मध्ये परीक्षा न होता राज्याचा दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. मागच्या इयत्तेची उजळणी म्हणून १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला. त्या वेळी बहुतेक वर्ग बंदच होते. म्हणजे ज्यांच्यापर्यंत ऑनलाइन शिक्षण पोहोचले नाही, त्यांची भरपाई पुन्हा ऑनलाइनच करायची होती.

इथे पाकिस्तानातला एक अनुभव आठवायला हवा. २००५ च्या भूकंपानंतर तिथल्या शाळा सरासरी १४ आठवडे बंद होत्या. घरे बांधली गेली, मदतही पोहोचली. चार वर्षांनी अभ्यासकांनी तपासले, तेव्हा भूकंपरेषेजवळची मुले इतरांपेक्षा सुमारे दीड वर्षाने मागे होती. १४ आठवड्यांचे दीड वर्ष झाले, कारण बहुधा शाळा उघडल्यावर शिक्षकांनी चालू इयत्तेचे पुस्तक उघडले आणि मागे राहिलेले मूल दररोज थोडे आणखी मागे पडत गेले. बीडमध्ये तर शाळा १४ आठवड्यांहून कितीतरी जास्त काळ बंद होत्या.

आता सगळे सावरले, असे सांगणारे ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीतल्या आकड्यांकडे बोट दाखवतात. देशाच्या ग्रामीण भागातली तिसरीची मुले दुसरीचे पुस्तक वाचू शकण्याचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. ते २०२२ मध्ये २०.५ वर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ पर्यंत परत आले. पण २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले पहिलीत गेली ती शाळा उघडल्यानंतर. त्यांचे वर्ग करोनाने बंद केलेच नव्हते. ज्यांचे केले, ती मुले या आकड्यातून बाहेर पडून वरच्या इयत्तांत गेली आहेत. शिवाय घरोघर फिरून होणाऱ्या पाहणीत कुलूप लावून उसाला गेलेल्या घरातले मूल सापडत नाही.

नुकसान भरून निघूच शकत नाही, असे मात्र नाही. तमिळनाडूने २०२१ च्या अखेरीस वस्तीवस्तीत स्वयंसेवक नेमून संध्याकाळचे वर्ग सुरू केले. तिथल्या ग्रामीण मुलांची पाहणी झाली, तेव्हा शाळा उघडल्यापासून सहा महिन्यांत गमावलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश भरून निघाल्याचे दिसले. त्यातला जवळपास चौथा हिस्सा या वर्गांचा होता. पण ती मुले सलग सहा महिने गावात होती. बीडच्या मुलाला जूनमध्ये जरा वाचता येऊ लागते न लागते तोच दसरा येतो.

म्हणून बीडसाठीचा उपाय उसाच्या वेळापत्रकावरच बेतावा लागेल. संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याचा निर्णय सरकारने २०२१ मध्ये घेतला, हे योग्यच झाले. ती सगळी स्वतःच्या इमारतींत आणि पूर्ण क्षमतेने चालली पाहिजेत. गावातल्या हंगामी वसतिगृहांची मंजुरी घटस्थापनेच्या आधी हातात पडावी आणि पैसाही त्याच वेळी यावा. टोळी निघून गेल्यावर आलेली मंजुरी कोणत्याच मुलाला थांबवू शकत नाही. पट्टा पडून आईबाप परत येईपर्यंत जेवण आणि मुक्काम सुरू राहावा. जून ते सप्टेंबर हे चार महिने इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जिथपासून येत नाही तिथपासून शिकवण्याची मोकळीक जिल्हा परिषदेने शिक्षकांना लेखी द्यावी आणि त्या काळात त्यांच्यावर इतर कामे लादू नयेत. लग्न होऊन शाळा सुटलेल्या मुलींची गावनिहाय यादी करून त्यांना दहावीला बसवण्याची जबाबदारी ठरवून द्यावी.

यासाठी वेळ मोजकाच आहे. २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली मुले मार्च २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसतील.